चार कप्प्या आणि तांब्याभर पाणी
बाळांनो, काल दाराच्या बिजागरीत एरंडेल सोडलं आणि त्या वासानं दोंडाईच्याचं घर आठवलं. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासूबाई, लघवीसाठी कुणाला उचलावं लागू नये म्हणून पाणीच पीत नसत. कप्पी मी शाळेत शिकवायचे, पण घरात टांगायचं सुचलं शेजारच्या मिस्त्रीचाचांना. दोन कप्प्या तुळईला, दोन खाली दोरीच्या पट्ट्याला, चारींत एरंडेल, आणि तो पट्टा सासूबाईंच्या काखेखाली. “अक्का, दोरी चौपट ओढायची, जोर पाव लागेल,” चाचा मला म्हणाले. मी दोरी धरली, तोच सासूबाईंनी हात पुढे केला. “दे वं, मना हातमा दे.” वीतवीत ओढत त्या आपल्या आपण उठून बसल्या आणि म्हणाल्या, “आते तांब्या भरीसन पाणी आण.” आता उठताना मलाही हात लागतो, पण पाणी मी पोटभर पिते.