स्पीकरमधली खरखर

आई चैत्रात गेली. महिनाभरानं मी कुंभारीला घरी गेले, तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझ्या फोनात तिचं बोलणं हाय न्हवं? मला ऐकव की."

आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती मला पुण्याला आवाजाचे मेसेज पाठवायची. जेवलीस का, आज पाणी आलं, वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन आले, शेजारणीची सून बाळंत झाली. तीन वर्षांचे मेसेज होते. पण अण्णांची उमेदीची वर्षं टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागांपुढं गेलेली, कान जवळजवळ निकामी. फोन कानाला दाबून धरला तरी त्यांना काही कळेना.

घरात माझा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर होता, त्याचे दोन मोठे स्पीकर होते. धूळ पुसून चालू केले तर आतून नुसती घुंई. आवाज वाढवला की तीही वाढायची आणि आईचे शब्द तिच्यात बुडून जायचे.

कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. कॉम्प्युटरमधून स्पीकरची पिन उपसली, घुंई थांबली. म्हणजे स्पीकर चांगले होते. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्याला हात लावला तर बोटांना मुंग्या आल्या.

"ती बी म्हणायची, पुसताना चावतंय म्हणून," अण्णा म्हणाले.

गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं भिंतीवरचा बोर्ड उघडला. अर्थिंगची तार आत तुटून लोंबत होती. ती जोडल्याबरोबर घुंई गेली.

मग मी आईचा शेवटचा मेसेज लावला. शब्द स्वच्छ आले. पण शब्दांच्या मधेमधे बारीक खरखर राहिलीच होती, वाळलेला पाला चुरगळल्यासारखी. खरखर येतेय असं अण्णांना मोठ्यानं सांगून मी वायर बदलली. पिन घासून पुसली. कॉम्प्युटर बाजूला ठेवून फोन थेट स्पीकरला जोडला. तरी तीच. शेवटी मी आईला पाठवलेला माझाच एक मेसेज लावला. त्यात खरखर नव्हती. आईचा दोन वर्षांपूर्वीचा लावला, त्यातही नव्हती. दिवाळीनंतरच्या मेसेजांत ती होती, आणि संक्रांतीपासून वाढत गेली होती.

तो आईचा श्वास होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, दम कधीपासून लागतोय? आम्ही दोघांनी सांगितलं, आठ दिवस झाले. ते म्हणाले, फुफ्फुसं एवढी आठ दिवसांत जात नाहीत, तंबाखूची धूळ किती वर्षं आत गेलीय. मला त्यांचा राग आला होता. आणि सगळं माझ्या फोनात होतं. ऑफिसला जाताना मी आईचे मेसेज बसमध्ये दुप्पट वेगानं ऐकायची. तेच तेच असतं, असं वाटायचं. त्या वेगात श्वास ऐकू आला नाही, की आला आणि मी लक्ष दिलं नाही, ते आता मला सांगता येत नाही.

"गेली का खरखर?" अण्णांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांच्या कानाशी वाकून मी सांगितलं, "ती स्पीकरची न्हवती अण्णा. आईला दम लागत होता. दिवाळीपासनं."

त्यांनी आपल्या तळहातांकडं बघितलं. "मी रोज तिच्याशेजारी निजत होतो की," ते म्हणाले. "माझ्या कानाला ते कदी आलंच न्हाय."

"मला येत होतं," मी म्हणाले. "मी ऐकलं न्हाय."

उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. ते काम आईचं होतं. साखर टाकायची राहिली, आणि आम्ही तो चहा तसाच प्यायलो.

पुढच्या महिन्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. मशीन बसवायला ते इतकी वर्षं नको म्हणत आले होते, या वेळी त्यांनी आपणहून कान पुढं केला. घरी आल्यावर पंख्याचा आवाज ऐकून दचकले, मग चिमण्यांचा. दुपारी म्हणाले, "आता लाव तिचं."

मी जुने मेसेज लावले. पाणी आलं, विड्या दिल्या. ते मान हलवत ऐकत होते, एकदोनदा हसलेही. मग म्हणाले, "ह्ये न्हवं. शेवटचं लाव."

"कशाला अण्णा?"

"लाव."

मी लावला. आई म्हणाली, जेवलीस का, आणि थांबली. वेळेवर जेवत जा, म्हणाली, आणि पुन्हा थांबली. अण्णांनी डोळे मिटले होते. मेसेज संपल्यावर त्यांनी विचारलं, "एवढा मोटा आवाज व्हता व्हय तिच्या दमाचा?"

"न्हाय अण्णा," मी म्हणाले. "मीच स्पीकर मोठा केलाय." आणि त्यांना दिसेल असं मी आवाजाचं बटण कमी केलं.