बोटीवरचा नावापुरता मालक

त्या केसचा विषय निघाला की मी आजही खुर्चीत ताठ होऊन बसते. पोलिसांत खून पाहिले, दरोडे पाहिले, पाठलाग केले. पण भर दुपारी एका माणसाने एका मशीनकडे बोट दाखवलं आणि सगळं प्रकरण उलगडलं, असा दिवस पुन्हा आला नाही.

आता मी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावी मुलीजवळ राहते. माझी नोकरी दुसऱ्या राज्यात झाली. त्या राज्याचं, गावाचं किंवा कोणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. वडिलांच्या मागोमाग नागपूरहून अमेरिकेत आले तेव्हा माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं. नागरिकत्व मिळताच मी राज्य पोलिसांच्या भरतीला गेले. आई म्हणाली, "मुलगी एवढी शिकली आणि शेवटी कमरेला पिस्तूल लावलं!" नोकरीची शेवटची वर्षं मी कॅसिनोच्या परवान्यांची चौकशी करणाऱ्या पथकात होते. बाहेरून झगमगाट दिसतो, पण काम बहुतेक वेळ रटाळ. अर्जदार कोण, पैसा कुठून आला, मागे गुन्हा आहे का, एवढंच तपासायचं.

आमच्या हद्दीत नदीकाठी एक गाव होतं. तिथली कागद गिरणी बंद पडली होती आणि गावाला रोजगार उरला होता तो फक्त नदीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटीचा. अशा गावांचं भलं व्हावं म्हणून राज्याने एक सवलत जाहीर केली. ज्या कॅसिनोत गावातल्या रहिवाशाची खरी भागीदारी असेल आणि तो स्वतः कारभार पाहत असेल, त्याला करात मोठी सूट आणि लांब मुदतीचा परवाना. शिवाय बोट जागची हलत नाही म्हणून जहाजांची सरकारी तपासणीही माफ. हेतू वाईट नव्हता. कॅसिनोचा मालक गावात राहणारा असेल, तर तो गावाकडे बघेल, असा विचार होता. पण ज्या करावर पाणी सोडायचं, त्याच करावर गावाची शाळा आणि अग्निशमन दल चालत होतं. म्हणून भागीदार खरा आहे ना, हे पाहणं आमच्या पथकाचं काम.

बोट चालवणाऱ्या कंपनीचा या सवलतीसाठी अर्ज आला. स्थानिक भागीदार म्हणून ज्यांचं नाव होतं, ते वाचून मी चमकले. ते गृहस्थ आमचे ओळखीचे, मूळचे नागपूरचेच, आता त्या गावात राहणारे. त्यांना मी इथे इंजिनिअर म्हणते. शांत, मान खाली घालून बोलणारा माणूस. २००१ नंतर लेऑफची लाट आली तिच्यात त्यांची नोकरी गेली होती. नंतर कुठे तरी कन्सल्टिंग करतात, एवढंच कानावर होतं. मी लगेच आमच्या कॅप्टनला सांगितलं की माझी ओळख आहे, फाइल दुसऱ्याकडे द्या. त्याने ती माझ्या सहकाऱ्याकडे दिली. हा सहकारी उंच, अबोल, जुना डिटेक्टिव्ह. त्याने सगळे कागद तपासले. कागद चोख होते, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

त्याच सुमारास बुद्धजयंती आली. आम्ही काही कुटुंबं एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचो. वंदना झाली, जेवणं सुरू झाली आणि इंजिनिअरची बायको ताट घेऊन माझ्याशेजारी बसली. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"मुलीच्या शाळेत प्रिन्सिपल बाईंनी मला काँग्रॅच्युलेट केलं. म्हणे, तुमचे मिस्टर कॅसिनोचे ओनर झाले! मला काही माहीतच नाही. ह्यांना विचारलं तर हसले आणि टीव्ही लावला. ताई, हा माणूस पत्त्यांचा डावसुद्धा कधी खेळला नाही हो."

माझा घास हातातच राहिला. मी म्हणाले, "वहिनी, ह्यावर मला तुमच्याशी बोलता येणार नाही. आणि तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते मला ऑफिसात सांगावं लागेल."

तिचा चेहरा उतरला. पण ती बाईही खमकी होती. ती म्हणाली, "सांगा. मलाही खरं काय ते कळू दे."

ही आमची खबर. कॅप्टनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ही बायकोची शंका झाली, पुरावा नाही. सवलतीची जाहीर सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. तोवर काय करता येईल?"

अबोल सहकारी पहिल्यांदाच उत्साहाने बोलला. "त्याला बोटीवर घेऊन जाऊ. मालक स्वतःच्या दुकानात कसा चालतो, ते लपत नाही."

परवान्याआधीची स्थळपाहणी हा नेहमीचाच भाग. फक्त आम्ही कळवलं की भागीदारांनी स्वतः हजर राहून बोट दाखवावी. दुभाषी म्हणून गरज पडली तर असावी, असं सांगून कॅप्टनने मलाही पाठवलं, पण प्रश्न विचारायचे नाहीत या अटीवर.

इंजिनिअर नवा सूट घालून आले. बरोबर कंपनीचा वकील, सतत हसणारा. बोटीच्या दारात पहारेकऱ्याने वकिलाला "गुड आफ्टरनून, सर" म्हटलं आणि इंजिनिअरकडे, गिऱ्हाइकाकडे मागतात तसा, वयाचा दाखला मागितला! माझ्या सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण त्याच्या मिशीखालचं हसू मला दिसलं. आत गेल्यावर तो साधे प्रश्न विचारू लागला. पैसे मोजण्याची खोली कुठे? पाळी कधी बदलते? प्रत्येक प्रश्नाला इंजिनिअर तोंड उघडायचे आणि उत्तर वकील द्यायचा. एवढ्याने मात्र गुन्हा सिद्ध होत नव्हता. नवा मालक आहे, शिकतो आहे, असं म्हणून वकील मोकळा झाला असता.

आम्ही खालच्या मजल्यावर उतरलो. तिथे स्लॉट मशीनच्या रांगा, घंट्यांचा गलका, खेळणारी म्हातारी माणसं. आणि चालता चालता इंजिनिअर थांबले. भिंतीत एक जाड लोखंडी दरवाजा होता. त्याच्या वाटेतच एक भलं मोठं मशीन जमिनीला पक्कं बसवलं होतं.

त्यांचा आवाज एकदम बदलला. "हे इथे कोणी लावलं?"

फ्लोअर मॅनेजर जवळच होता. तो गोंधळला.

"हा दरवाजा पाणी अडवण्यासाठी आहे," इंजिनिअर म्हणाले. "तळाला भोक पडलं तर हा बंद करून पाणी एका भागात रोखायचं असतं. मशीन मध्ये आहे, म्हणजे हा बंदच होणार नाही. ही माणसं वर कशी चढणार? काढा ते. आत्ताच्या आत्ता काढा."

पहिल्यांदाच तो माणूस मालकासारखा बोलला होता. आणि फ्लोअर मॅनेजरने काय केलं? त्याने वळून वकिलाकडे पाहिलं. वकिलाने किंचित मान हलवली, नाही. मॅनेजर जागचा हलला नाही.

सहकाऱ्याने ते पाहिलं होतं, मी पाहिलं होतं, आणि मुख्य म्हणजे इंजिनिअरनेही पाहिलं होतं. एखादा अपघात झाला तर कोणाचं नाव पुढे येईल, हे त्यांना तिथेच कळलं असावं.

बाहेर आल्यावर सहकारी शांतपणे म्हणाला, "काही गोष्टी स्पष्ट करून घ्यायच्या आहेत. आमच्या ऑफिसात याल का?" वकील म्हणाला, गरज नाही. इंजिनिअर म्हणाले, "येतो."

जबाबाच्या खोलीत टेपरेकॉर्डर सुरू झाला; मी दुभाषी म्हणून कोपऱ्यात होते. वकील अशिलाच्या शेजारी टेकून बसला. सहकाऱ्याने पहिलाच प्रश्न वकिलाला टाकला. "आपण कोणाचे वकील? कंपनीचे की यांचे?"

"दोघांचे."

"दोघांचं हित वेगळं निघालं तर?"

वकिलाचं हसू पहिल्यांदा गेलं. सहकाऱ्याने इंजिनिअरना त्यांचे हक्क समजावले. स्वतःचा वेगळा वकील घेता येईल, आत्ता उठून जाता येईल, गप्प राहता येईल. मग इंजिनिअर माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "ताई, खरं सांगितलं तर माझं ग्रीन कार्ड जाईल का?"

वकील ओरडला, "काय म्हणाले ते?"

मी म्हणाले, "दादा, रेकॉर्डर चालू आहे. तुम्ही मराठीत बोललात ते मला जसंच्या तसं इंग्रजीत सांगावं लागेल. आणि कार्डाचं काय होईल, ते मला माहीत नाही. मी खोटं आश्वासन देणार नाही."

"मग सांगा त्यांना," ते म्हणाले. "आणि हेही सांगा, की ह्या वकिलाने बाहेर जावं."

मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. वकिलाने ब्रीफकेस उचलली. दार लागलं, तसे इंजिनिअर लगेच बोलायला लागले; सहकाऱ्यालाच त्यांना थांबवावं लागलं. "आधी तुमचा स्वतःचा वकील येऊ द्या," तो म्हणाला. चांगल्या पोलिसाला एवढा धीर धरावा लागतो.

नवी वकीलबाई आल्यावर सगळं बाहेर आलं. लेऑफनंतर कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने त्यांना सल्लागार म्हणून कामावर घेतलं. नंतर म्हणाला, फक्त नाव द्या, बाकी आम्ही बघतो. त्यांच्या वाटणीचा हिस्सा कागदावर त्यांचा, पण तो मागितला की परत द्यायचा, असं तोंडी ठरलेलं. मागे हटलास तर खोट्या सह्या केल्याचं इमिग्रेशन खात्याला कळवू, ही धमकीही तोंडीच.

"तोंडीच ना!" कॅप्टन वैतागला. "मग सिद्ध कसं करायचं?"

तेव्हा इंजिनिअर म्हणाले, "मी त्यांना फोन करतो. तुम्ही ऐका."

सरकारी वकिलांची परवानगी घेतली, यंत्र जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे हेडफोन लावून बसलो. कोणी खोकेना, कॉफीला हात लावेना. इंजिनिअरनी त्या अधिकाऱ्याला फोन लावला.

"खालच्या मजल्यावरचं ते मशीन काढा. मालक म्हणून सांगतोय."

पलीकडून मोठं हसू. "मालक? मित्रा, तू मालक नाहीस. आम्हाला ह्या गावातला एक पत्ता हवा होता, तो तू आहेस. सुनावणीत गप्प बस, सूट मिळाली की तुझं काम संपलं."

कॅप्टनने टेबलावर मूठ आपटली आणि लगेच स्वतःचंच तोंड दाबलं. फोन ठेवल्यावर मात्र खोलीत जो जल्लोष झाला, तो शेजारच्या पोलीस ठाण्यापर्यंत गेला असेल. माझा अबोल सहकारी इंजिनिअरची पाठ थोपटत होता. फक्त इंजिनिअर हसत नव्हते. त्यांचा हात फोनवर तसाच होता.

सुनावणीला गावाचा हॉल भरून गेला होता. बोटीवरचे कामगार, शाळेतल्या शिक्षिका, अग्निशमन दलाची माणसं. वहिनी पुढच्या रांगेत बसली होती. आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, "या व्यवसायाचे भागीदार तुम्हीच का?"

इंजिनिअर उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. "मी कधीच नव्हतो." आणि मग, कोणी न विचारता, सगळ्यांत आधी त्यांनी त्या दरवाजाबद्दल सांगितलं.

सवलत नामंजूर झाली, परवाना स्थगित झाला. त्या अधिकाऱ्याने पुढे गुन्हा कबूल केला आणि वकिलाची सनद गेली. काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीने बोट घेतली, रीतसर तपासणी करून आणि पूर्ण कर भरून. ती बुडाली नाही, चांगली चालली. इंजिनिअरवर खटला झाला नाही, कार्डही राहिलं. पण मधले महिने बोट बंद होती, आणि ज्यांचे पगार थांबले त्यांनी इंजिनिअरना माफ केलं नाही. ते कुटुंब दूर नोव्हाय नावाच्या शहरात गेलं. तिथे त्यांना मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं.

ह्या केसने मला माणसं बघायला शिकवलं. हुद्दा, सही, सूट, ह्या गोष्टी कोणालाही चढवता येतात. पण माणसाने हुकूम सोडला की आसपासच्यांच्या नजरा कुठे वळतात, ते बघावं. सत्ता तिथे असते. सवलती देणाऱ्यांनीही तेवढं बघावं, असं मला वाटतं. चांगल्या हेतूने केलेला कायदा टेबलाशी बसून नुसत्या कागदांवरून राबवला, तर त्याचा फायदा सगळ्यात आधी चलाख माणूस उचलतो.

मागे नोव्हायला एका लग्नात वहिनी भेटली. मी जरा संकोचानेच विचारलं, "माझ्यावर राग आहे का अजून?"

"होता ना," ती म्हणाली. "घर सोडावं लागलं, मुलीची शाळा सुटली. पण ताई, तेव्हा हे झोपेत दात खायचे. आता घोरतात. मी त्या घोरण्यावर खूश आहे."