आसेगावला न वळलेली जीप

पाहुणे अकराला येणार होते. दीड वाजला तरी त्यांचा पत्ता नव्हता. माझ्या मुलीला पाहायला मुलगा आणि त्याचे आईवडील येणार होते. मी चार वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. बायको म्हणाली, "बसा न एका जागी. तुमच्या चकरायनं गाडी लवकर येते का?"

बसवत नव्हतं. पाहुण्यांवर रागावताही येत नव्हतं. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही असाच कुणाकडे तरी पोचलो नव्हतो.

आमच्याकडे जीप भाड्याने केली की एकाच फेरीत दोन-तीन मुली पाहून घेतात. त्या दिवशी सकाळी आम्ही कारंज्याची मुलगी पाहिली. परतताना आसेगावची पाहायची होती. कारंज्याची मला आवडली. आसेगावच्या फाट्यावर ड्रायव्हरने गाडी हळू केली, तेव्हा काका म्हणाले, "आता कायले वळतं? सरळ घे." मी मागच्या सीटवर गप्प बसलो. पुढे मालेगावात टेलिफोन बूथला लागूनच आम्ही चहा प्यायलो. आसेगावच्या त्या लोकांच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्या खिशात होता.

"बाबा, साडी बदलू का?" मुलगी तिसऱ्यांदा विचारत होती. थांब म्हणायला तोंड उघडलं आणि ही सगळी गोष्टच बाहेर पडली.

तिने ऐकून घेतलं. "मंग ते लोक कितीक वेळ बसले वाट पाहत?"

"मले माहीत नाही. कधी विचारलंच नाही."

तिने माझा मोबाईल घेतला आणि सोयरीक सुचवणाऱ्या मध्यस्थांना फोन लावला. ते म्हणाले, "अवं, वाटेतच हायेत."

"काका, त्याइले सांगा, आमी आता वाट पाहून नाही राह्यलो." फोन माझ्या हातात देऊन ती साडी सोडायला आत गेली.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. कारंज्याची ती मुलगी म्हणजे हीच. मला वाटलं, ती पोरीवर ओरडेल. पण ती माझ्याकडेच पाहत होती.

"तुमी तर मले सांगतलं होतं, का त्या दिवशी फक्त मलेच पाहाले निंगाले होते."

"खोटं सांगतलं," मी म्हणालो.

तिने गॅस बंद केला. भांडी आवरू लागली. आणखी काही बोलेल म्हणून मी तिथेच उभा राहिलो.