खोलीतलं बोलणं मंडळापर्यंत

जिच्यावर अन्याय झाला ती मीरा रोडजवळ हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावणारी बाई. पेणकरपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. ती, नवरा आणि दुसरीतली मुलगी. अन्याय झाला गेल्या वर्षी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या गुरुवारी, मुलीची शाळा सुटायच्या जरा आधी. ज्या बाईमुळे झाला ती वाईट नव्हती. हे आत्ताच सांगून टाकते, कारण सगळे मला तेच ऐकवतात आणि त्याने काडीचाही फरक पडत नाही.

मी काम करते त्या बायकांच्या संघटनेत पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिली गोष्ट ही सांगतात: कोणावर, कधी, काय झालं ते वर. बाकीचं खाली. वरचं झालं. खालचं मी तिला विचारून लिहितेय. तिने वाचलं, काही गोष्टी बदलायला लावल्या, एक परिच्छेद काढायला लावला. मी काढला. काय होतं त्यात ते विचारू नका.

तिला मी ताई म्हणते. तिचा नवरा मारायचा. दारू पिऊन नाही, शुद्धीत. आधी फोन काढून घ्यायचा, मग आतल्या खोलीचं दार लावायचा. टीव्हीचा आवाज वाढला की खाली माझी आई गॅस बारीक करून वर बघायची आणि म्हणायची, "झालं सुरू." आख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. कोणी विचारत नव्हतं. शेवटी गाळ्यातल्या सुपरवायझर बाईंनी तिच्या दंडावरचे वळ बघितले आणि समुपदेशन केंद्राचा पत्ता दिला.

केंद्र मीरा रोडला, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर, आधी मोबाइलचं दुकान होतं त्या जागेत. एक ट्रस्ट चालवतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आपले बोलणे येथेच राहील'. त्याच भिंतीला टेकून प्लायवूडचं पार्टिशन, छतापासून हातभर खाली संपलेलं. पहिल्या दिवशी मी सोबत गेले आणि बाहेर बाकावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"गाव कुठलं तुमचं?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"रत्नागिरी."

"अगं, रत्नागिरीत कुठे?"

ताईने तालुका सांगितला, मग गाव.

"वाडी कुठली? खालची की देवळाकडची?"

"देवळाकडची सासरची. माझी मावशी खालच्या वाडीत."

"खालच्या वाडीत? मग आमच्या घराच्या मागेच की गं!"

आत खुर्ची सरकली. हसणं ऐकू आलं. ताई हसली होती. मी तिला हसताना त्याआधी कधी ऐकलं होतं ते मला आठवेना. मी उठले आणि बाहेर झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिले, कारण पुढचं ऐकायचा मला हक्क नव्हता.

तासाभराने ती बाहेर आली ती नाक पुसत, पण तोंड मोकळं. म्हणाली, "अगं, आमच्याकडच्याच निघाल्या. काकी म्हण म्हणाल्या मला. चहा पाजला."

कोकणातल्या माणसाला दुसरा कोकणातला भेटला की हे होतंच. आधी गाव, मग वाडी, मग आडनाव, मग 'त्यांची सून म्हणजे आमच्या आत्येची जाऊ', आणि नातं सापडेपर्यंत दोघंही थांबत नाहीत. माझी आई बँकेच्या रांगेतही हे करते. मी त्याला नावं ठेवत नाही. इथे आलेली आमची माणसं अशीच उभी राहिली. डोक्यावर छप्पर असं मिळालं, कामं अशी लागली. पण त्या पार्टिशनच्या आत त्या प्रश्नाने एक गोष्ट केली. समोरची बाई केंद्रात मदत मागायला आलेली बाई राहिली नाही. ती घरातली पोर झाली. आणि आमच्याकडे घरातल्या पोरीची गोष्ट तिची एकटीची नसते. ती घराची असते.

ताई दर आठवड्याला जायला लागली. गाळ्यातून सुटून परस्पर. हळूहळू तिने ठरवलं, घर सोडायचं. गणपती होऊ द्यायचे, गावाला सासरच्या घरात उभं राहून सगळं करायचं, परत यायचं आणि मग निघायचं. गाळ्यात तिच्या शेजारी बसणारी एक बाई भाईंदरजवळच्या राई गावची. तिने सरळ सांगितलं होतं, "माझ्या घरान कोनी इचारनार न्हाय. पोरीला घे न ये. मागची खोली रिकामीच हाय." तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायची, एवढा बेत. राईचं नाव ताईने दोघींनाच सांगितलं. मला, आणि काकींना.

त्या गुरुवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेच्या गेटवर पोचली, मी सोबत होते. पिशवीत मुलीचे दोन फ्रॉक, आधार कार्डं, एक टॉवेल. मुलगी बाहेर आली नाही. वॉचमन म्हणाला, "मॅडम, पापा आये थे ना, जल्दी ले गये. साथ में ताऊजी भी थे." ताऊजी म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ.

मग फोन वाजला. नवरा होता. मी तिच्या शेजारी उभी होते, स्पीकरवर नव्हता तरी ऐकू आलं.

"राईला जायचं होतं ना? जा. पोरगी दादासोबत गावाला निघाली."

ताईने फोन कानापासून बाजूला घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी सांगू शकत नाही. "राईचं तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"आणि काकींना," मी म्हटलं.

ती नाही म्हणाली. दोनदा. मग गेटच्या कठड्यावर बसली.

आम्ही तशाच केंद्रात गेलो. काकी दुसऱ्या कोणाशी बोलत होत्या, त्यांचं होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. पार्टिशनपलीकडे कोणाच्या तरी सुनेचं काहीतरी चाललेलं, मी कानांवर हात ठेवले. काकी बाहेर आल्या त्या हसतच.

"आलीस का गं? भाऊंचा फोन आला का तुला? मी बोललेय त्यांच्याशी. सगळं नीट होईल."

भाऊ म्हणजे गावच्या लोकांनी इथे चालवलेल्या मंडळाचे अध्यक्ष. म्हातारे, सज्जन, गावातल्या प्रत्येक लग्नाला पुढे. आणि नवऱ्याच्या भावाच्या रोजच्या उठण्याबसण्यातले.

"तुम्ही भाऊंना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"तू कोण गं?"

"ही माझ्यासोबत आहे," ताई म्हणाली.

"अगं, सांगितलं म्हणजे काय, पेपरात दिलं का मी? घरातल्या घरात बोलले. म्हटलं, पोर घर सोडून राईला जातेय, तुम्ही वडीलधारे आहात, मध्ये पडा, त्याला दम द्या. उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर तुझ्या मावशीला मी काय तोंड दाखवू?"

"माझी मुलगी नेली त्यांनी, काकी."

काकी खाली बसल्या. त्यांना हे माहीत नव्हतं, हे खरं. त्यांचा चेहरा उतरला. पण पुढचं वाक्य आलंच. "माझा हेतू वाईट नव्हता गं बाळा. मी काय परकी आहे का?"

"परक्या असायला हवं होतं," मी म्हटलं. "परक्या असता तर मुलगी आज आईजवळ असती."

"फार बोलते ही," काकी ताईला म्हणाल्या.

"बोलू दे," ताई म्हणाली.

दोन दिवसांनी मंडळाच्या हॉलमध्ये बैठक बसली, समेटासाठी. ताई गेली, कारण मुलगी परत मिळायचा दुसरा रस्ता तेव्हा तिला दिसत नव्हता. मी मागे भिंतीला उभी. पुढे खुर्च्यांवर पुरुष, कडेला सतरंजीवर बायका. भाऊंनी पाणी दिलं, चौकशी केली आणि मग अगदी मायेने म्हणाले, "बाळा, जीव द्यायचे विचार मनात आणायचे नाहीत. आम्ही काय मेलोत का?"

हे ताईने मलाही सांगितलं नव्हतं. जगात एकाच खोलीत, एकाच बाईला, एकदाच सांगितलं होतं. मार्च महिन्यात असं मनात आलं होतं, आता येत नाही, असं.

पोरीला गावाला सोडून आलेला नवऱ्याचा भाऊ उभा राहिला. "बघा, भाऊ. अशा मनाच्या बाईकडे पोरगी कशी ठेवायची? तुम्हीच सांगा."

सतरंजीवरून कोणीतरी म्हणालं, "खरंय ते." ताई उठली आणि चपला न घालताच बाहेर गेली. चपला मी नेल्या.

ज्या बोलण्याने तिचा जीव हलका झाला होता, त्याच बोलण्याने तिची पोर तिच्यापासून तोडायला घेतली. याला काय नाव द्यायचं? माझ्या आईने दिलं, 'नशीब'. मी आईला म्हटलं, नशिबाला फोन नसतो. फोन कोणीतरी लावला होता.

काकी मला नंतर एकदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, आम्हाला तसं शिकवलंय. बरोबर शिकवलंय. पण धोका असला तर आधी तिलाच सांगायचं, की मला हे बोलावं लागणार आहे. मग जो वाचवू शकतो त्याला सांगायचं, वाचवायला लागेल तेवढंच. डॉक्टरला सांगा. पोलिसांना सांगा. जिच्या घरातून धोका आहे, त्या घराला तिच्या लपायच्या जागेचा पत्ता सांगणं कुठल्या वर्गात शिकवतात?

आम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो, पोलीस ठाण्यात गेलो, कोर्टात गेलो. मुलीचा तात्पुरता ताबा मिळाला. मुलगी आली ती दिवाळीच्या तोंडावर, केस बारीक कापलेली, आणि पहिले काही दिवस आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायची. दोघी आता राईलाच त्या मागच्या खोलीत राहतात. हे मी लिहू शकते, कारण कोर्टाच्या कागदावर तो पत्ता आता उघडच आहे. ताई म्हणाली, लिही, लपायचं संपलं.

पण नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात जे लेखी म्हणणं दिलं, त्यात ती मार्चमधली गोष्ट आहे. टाइप केलेली, सही केलेली. निकाल काहीही लागो, ती ओळ त्या फायलीत राहणार. मुलगी मोठी झाली की वाचू शकेल.

मग मी केंद्राच्या मागे लागले. ट्रस्टचे प्रमुख शांतपणे बोलले. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे नियम मी त्यांच्यापुढे ठेवले. कोर्टाने नेमलेला समुपदेशक दोन्ही बाजूंपैकी कोणाचाही नातेवाईक नसावा, सगळ्यांनी लेखी हरकत सोडली तरच चालेल, असं त्यांत साफ लिहिलंय. म्हणजे ज्याने नियम लिहिला त्याला हा घोळ ठाऊक होता. प्रमुख म्हणाले, "आम्हाला कोर्टाने नेमलेलं नाही." मानसिक आरोग्याच्या कायद्यात माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे, मी म्हटलं. "आमचा दवाखाना नाही," ते म्हणाले. "ही समाजसेवा आहे. बाई विनामूल्य येतात."

"मग तक्रार कोणाकडे करायची?"

"माझ्याकडे करा. मी त्यांना समज देईन."

"त्या तुमच्या कोण लागतात?"

ते हसले. "गाववाल्या आहेत."

महिलांच्या हक्कांसाठी असलेल्या सरकारी कचेरीत मी अर्ज दिलाय. पोच मिळाली, उत्तर नाही. काकी अजून त्याच खुर्चीवर आहेत. पार्टिशन अजून हातभर आखूड आहे. सुपरवायझर बाई विचारत होत्या, गाळ्यातल्या आणखी एकीला पाठवायचं आहे, पाठवू का. मी म्हटलं, तिला घेऊन आधी मला भेटा.

ताईला मी दुसऱ्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. चांगल्या आहेत, कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या, आमच्याकडच्या नाहीत. त्यांनी दार लावलं आणि आधी काय गुप्त राहील, काय राहणार नाही, हे सांगितलं. ताई तासभर समोर बसली आणि एकही शब्द बोलली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, चालेल, बसू आपण. ताई मला परतताना म्हणाली, "तोंड उघडतच नाही गं. उघडलं की वाटतं, आता हे हॉलमध्ये ऐकू येणार."

मुलगी परत आली म्हणून केस जिंकली, असं म्हणत माझं अभिनंदन करणाऱ्यांना मी हे सांगते. आणि तुम्हाला, जे हे वाचताय त्यांना, माझं एकच म्हणणं आहे. तुमच्या बिल्डिंगखाली, तुमच्या मंडळाच्या हॉलमध्ये, तुमच्या ट्रस्टच्या जागेत असं केंद्र असेल, तर या आठवड्यात तिथे जा. तुम्हाला गरज नसली तरी जा. समोरच्याला विचारा, इथलं बोलणं फुटलं तर तक्रार कोणाकडे करायची, आणि तो माणूस या केंद्राबाहेरचा आहे का? उत्तर लेखी मागा. मिळालं नाही, तर तुमच्या ओळखीतल्या एकाही बाईला त्या दारात पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवलंय त्यांना आजच फोन करा.