नकाशाला अभिषेक

भोजपूरच्या महादेवाला जाताना मी वीस पानी टिपण नेलं होतं आणि पाण्याची एक बाटली. घोटाळा बाटलीने केला.

त्याचं असं झालं, आमच्या केतकीने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील नागपूरहून आमच्याकडे अयोध्या नगर वसाहतीत ‘घर बघायला’ आले होते. मुलगा-मुलगी कधीच राजी होती, अडलं होतं ते मुलाच्या वडिलांच्या, बारापात्रेसाहेबांच्या होकारापाशी. पोरगी आठ दिवस धड जेवली नव्हती! आणि साहेबांनी चहाचा कप उचलायच्या आधीच बजावलं, “एक सांगून ठेवतो. आमच्याकडे बुवाबाजी चालत नाही. देवाला नमस्कार करायचा अन् मोकळं व्हायचं.”

“छे हो! मी इंजिनिअर माणूस!” मी म्हणालो. (तीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंगं तपासण्यात गेली. बुवा व्हायला सवड कुठे होती?) “उद्या तुम्हाला भोजपूरचं स्थापत्य दाखवतो!”

“बाबा, प्लीज, लेक्चर नको,” केतकीने हात जोडले.

मी घरापासून भोजपूरपर्यंत लेक्चर दिलं. साहेब वाटेतल्या मंडीदीपच्या अलीकडेच झोपले.

देवळात मी अखंड दगडाचं माणसाहून उंच शिवलिंग दाखवलं, अर्धवट राहिलेलं छत दाखवलं, मागचा मातीचा उतार दाखवला. “याच उतारावरून एवढाले दगड वर चढवले, साहेब!”

साहेबांनी नमस्कार केला. “इथं चहा कुठं भेटन?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हुकमाचा एक्का अजून हातात होता. हे देऊळ पुरं झालंच नाही, म्हणून कारागिरांनी बाहेरच्या खडकावर कोरलेले नकाशे तसेच राहिले आहेत. ड्रॉइंग, तेही हजार वर्षांपूर्वीचं! साहेब चहाला गेले, बायका दर्शनाच्या रांगेत राहिल्या आणि मी खडक गाठला. उन्हात रेघा दिसेनात, म्हणून कठड्याबाहेरच्या एका नकाशावर मी बाटलीतलं पाणी रेघेरेघेने सोडू लागलो. चपला देवळापाशी, खाली तापलेला दगड. मी पाय आलटूनपालटून उचलत तोंडाने मापं पुटपुटत होतो.

दिवस सोमवारचा! मागून एक म्हातारी म्हणाली, “महाराज, यहाँ भी चढ़ाते हैं?”

“अम्मा, ये मंदिर का नक्शा है!”

“मंदिर का है ना? फिर ठीक है,” म्हणून तिने लोटाभर दूध ओतलं.

तिच्यामागे बेल आला, बेलामागे कुंकू, आणि कुंकवामागे रांग. “लाइन मत तोड़ो!” कुणीतरी ओरडलंसुद्धा.

“अरे, पूजा मत करो! ये ड्रॉइंग है!” मी किंचाळलो.

“पंडितजी नाराज़ हो गए,” एकजण हळहळला. माझा राग शांत व्हावा म्हणून त्याने माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली, कपाळाला टिळा लावला आणि हातात केळं दिलं!

तेवढ्यात शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला. “ये किसने शुरू किया?”

सगळी बोटं माझ्याकडे. “पंडितजी ने।”

आणि नेमके त्याच क्षणी बारापात्रेसाहेब चहा पिऊन परतले. म्हातारी माझ्या पायावर डोकं ठेवून होती.

“हे काय करून राहिले तुम्ही?”

“साहेब, हे... हे स्थापत्य आहे!”

“पहले पत्थर साफ़ करो,” पहारेकरी गरजला. “और जिस-जिसने चढ़ाया, वो भी आए!”

रांग अशी पांगली की जणू नव्हतीच. मी रुमाल काढून गुडघ्यांवर बसलो. केतकी समोर येऊन उभी होती, डोळे भरलेले. माझा सगळा ताठा उतरला. शहाणपणा मिरवायच्या नादात मी माझ्याच पोरीचं लग्न मोडलं होतं. मान वर करायची हिंमत होईना.

एवढ्यात पदर खोचून एक बाई माझ्या शेजारी पुसायला बसल्या. बघतो तर बारापात्रेवहिनी! हातात रिकामा लोटा.

“तू पण?” साहेब ओरडले.

“हो, मी पण. म्हटलं, देवा, यांचं मन वळू दे एकदाचं.”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं, माझ्या टिळ्याकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं. मग बाह्या सारल्या. “सरका जी तिकडे. लोक म्हणतील, व्याही एकटेच पुसून राहिले.”

व्याही! केतकीने तोंडाला ओढणी लावली. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. माझं मला तरी कुठे कळत होतं!

दुधाखालून रेघा वर आल्या. साहेब वाकले. “अरे, हे तर ड्रॉइंग आहे! आधी सांगायचं ना, राजेहो! बरं, समजावून सांगा आता.”

मी सांगितलं आणि त्यांनी सगळं ऐकलं. वहिनी आजही नागपुरात सांगतात की ती शिळा जागृत आहे. मी इंजिनिअर असून वाद घालत नाही. तीस वर्षांत ज्याचं लेक्चर घरात कुणी पाच मिनिटं ऐकलं नाही, त्याला जिने पाऊण तास बोलू दिलं, ती जागृत नाही तर काय!