पांढऱ्या दगडांवरचा मासा

सगळे तिला काचवाली म्हणत. तिच्या सासऱ्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. लग्न होऊन आली तेव्हा घरातल्या माणसांआधी तिला मासेच कळले. पुढे दुकान बंद झालं, सासरे गेले, पण हातातलं काम राहिलं. बादली, रबरी नळी आणि स्पंज घेऊन ती दवाखाने, कचेऱ्या, हॉटेलं फिरायची आणि माशांच्या टाक्या साफ करायची. एकोणीस वर्षांत तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

ते दाखवलं दातांच्या डॉक्टरांच्या बायकोनं. दवाखान्याचं सगळं बाईच बघत. त्या शनिवारी बाकावर पाच-सहा पेशंट गाल धरून बसलेले असताना बाई म्हणाल्या, "आमचा मासा काळा होता, ठिपक्यांचा. हा पांढुरका कुठून आला? बदललास ना?"

काचवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं आधी टाकीत पाहिलं. काचेला तोंड लावून चिकटणारा तो सकर मासा, मिशाळ जातीतला. खरंच फिका पडला होता, पोट आत गेलं होतं, डोळे खोल. पण वरच्या परावरचा तुटका कोपरा तोच. दुसऱ्या एका माशानं तो तिच्यादेखत तोडला होता. मासा तोच होता. बदललं होतं ते बाकीचं. बाईंनी दोन महिन्यांपूर्वी तळाची काळी वाळू काढून पांढरेशुभ्र दगड घातले होते आणि वर प्रखर दिवा बसवला होता. असा मासा तळाचा रंग बघून आपला रंग धरतो, आणि लपायला जागा नसली की आणखी फिका पडतो.

तिनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं, याला खायला काय घालता? मुलगी गोंधळली. वरच्या माशांना सकाळी चिमूटभर दाणे घालते, याला काही नाही. बाईंनी सांगितलंय, हा घाण खातो, म्हणून तर याला टँक क्लीनर म्हणतात. दिवा मालवल्यावर रोज एक टाकायची म्हणून काचवालीनं तळाला बसणाऱ्या गोळ्यांचं पाकीट दिलं होतं. ते खणात तसंच, न फोडलेलं.

आणि काचेवरचं शेवाळ? ते तर दर शनिवारी तीच घासून काढत होती. काच चकचकीत हवी, असा बाईंचा हुकूम. त्याच्या तोंडचं थोडंफार होतं तेही तिनंच स्पंजानं पुसून नेलं होतं. हे लक्षात आलं तशी ती स्वतःवरही चिडली, पण बाईंवर जास्त.

दगड बदलायला बाई तयार नव्हत्या. मग तिनं सरळ सांगितलं की मासा घरी नेते, तीन आठवड्यांनी आणून दाखवते. घरी जुन्या टाकीत काळी वाळू आणि लाकडाचा ओंडका होता. सासूबाई रोज संध्याकाळी काकडीची चकती कापून द्यायच्या. काचवाली ती चमच्याला अडकवून तळाशी ठेवायची. तिसऱ्या दिवशी अंगावर तपकिरी डाग उमटले, आठवड्यात ठिपके दिसले. पोट भरायला मात्र पुरते तीन आठवडे लागले.

ती बादली घेऊन परत गेली. बाईंनी झाकण उचलून पाहिलं, पराचा तुटका कोपराही पाहिला आणि म्हणाल्या, "बरं, झाला की काळा. सोड टाकीत."

"सोडते. पण मागच्या वेळी चारचौघांत बोललात, तसं आज चारचौघांत सांगा की मी मासा बदलला नव्हता."

आवाज ऐकून डॉक्टर हनुवटीखाली मास्क ओढत बाहेर आले. मासाच तर आहे, जाऊ दे, असं म्हणाले.

"मासा एवढासाच आहे, डॉक्टर. चोर मला म्हटलंय."

बाकावरचे लोक खाली बघत बसले. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि म्हणाले की तो मासा तूच घेऊन जा, आम्हाला नकोच. ती माफी नव्हती. काचवालीनं झाकण लावलं आणि त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढली नाही.

मासा आता तिच्याकडे हातभर लांब झालाय. नव्या ठिकाणी काम घेताना ती आधी टाकीवर कागद चिकटवते: कोणाला काय, किती वाजता. आणि कुणी हसून म्हणालं की ताई, हा घाणच खातो ना, तर ती स्पंज खाली ठेवून त्याला समोर बसवते आणि अर्धा तास सुनावते.