ट्रिगरवरचं रबर

वाळूजच्या आमच्या शेडमध्ये पत्रा कापताना, विजेच्या ज्वाळेनं कापणाऱ्या प्लाझ्मा टॉर्चचा ट्रिगर सारखा दाबून बोट दुखायचं. म्हणून सगळे त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळायचे. ट्रिगर आपोआप दाबलेला राहायचा. कसला हा शहाणपणा!

एकदा लाईट गेली, तेव्हा माझ्या शेजारच्या जोडीदारानं टॉर्चच्या टोकाचं झिजलेलं नोझल बदलायला घेतलं. मशीन बंद करायचं राहिलं. लाईट आली आणि टॉर्च त्याच्या हातातच पेटली. त्याची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी मला उभं केलं. टॉर्चवर रबर तसंच होतं. मी आधी ते कापून फेकलं.

संध्याकाळी कमी निघालेला माल बघून सुपरवायझर खेकसला, "हाताला मेंदी लावून आला व्हता का रे?"